पंचवीस मंगळवारांसाठी: जर्मनीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
जर्मनीतल्या सर्व मराठी मंडळांची कार्यकारिणी आणि सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी पाच आठवडे मंडळात कुठेच दिसले नाही. विचारणाऱ्यांना माझ्या नवऱ्याने सांगितलं, "ती साताऱ्याला गेलीय, आईची तब्येत जरा बरी नाही." आईची तब्येत ठणठणीत होती. मी इथून दोन तासांवर, श्वार्त्सवाल्डमधल्या एका मनोकायिक, म्हणजे मनाच्या ताणातून शरीराला होणाऱ्या आजारांच्या, पुनर्वसन क्लिनिकमध्ये होते. परत आल्यावर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात एका वहिनींनी हसत विचारलं, "साताऱ्याहून आलीस आणि कंदी पेढे नाहीत?" मीही हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन दहा मिनिटं कडी लावून बसले. त्या वहिनींची काहीच चूक नव्हती, खोटं आम्ही सांगितलं होतं. ते आज मागे घेते. अशा क्लिनिकमधून घरी परतणाऱ्यांच्या पुढच्या वर्षासाठी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे आणि ते मागताना मनात काही लपवलेलं नको.

आधी थोडं मागचं सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, इथे येऊन चौदा वर्षं झाली. सुरुवात धडधडीपासून झाली. मीटिंगला बसलं की छातीत धडधड, मानेपासून डोक्यापर्यंत ठणका, रात्री तीनला जाग आणि पोटात गोळा. ईसीजी झाला, चोवीस तास छातीला यंत्र बांधून झालं, एन्डोस्कोपी झाली, थायरॉइड झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. दर वेळी रिपोर्ट हातात आला की मला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी अपराधी वाटायचं, जणू मी दुखण्याचं सोंग करते आहे. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंनी, म्हणजे हाउसआर्त्स्टबाईंनी, आजारपणाची रजा लिहून दिली. सहा आठवडे पगार चालू राहिला, पुढे क्रांकेनकासेकडून, म्हणजे आरोग्य विम्याकडून, पैसे सुरू झाले आणि मग त्यांचं एक पत्र आलं: दहा आठवड्यांच्या आत पुनर्वसनासाठी अर्ज करा. ते वाचून मी रडले. वाटलं, आता आपल्याला मोडीत काढणार.

तसं काही नसतं, हे मला कुणीतरी मराठीतून सांगायला हवं होतं. इथल्या पेन्शन विम्याचं, डॉइचे रेंटेनफेरझिशेरुंगचं, जुनं तत्त्वच आहे की आधी पुनर्वसन, मग पेन्शन. माणूस आजारामुळे कायमचा घरी बसण्याआधी त्याला पुन्हा उभं करायचं, आणि त्याचा खर्च विम्याने करायचा. आपल्या पगारातून हा विमा जातो. एकूण १८.६ टक्के, अर्धे आपले आणि अर्धे कंपनीचे. पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला ती कपात दिसते आणि आपण सगळे म्हणतो, "म्हातारपणी मिळेल तेव्हा बघू." त्याच पैशातून हे उपचार होतात, आणि त्यासाठी म्हातारपणाची वाट बघावी लागत नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत सहा महिने सक्तीची वर्गणी भरलेली असली तरी हक्क लागू होतो. क्लिनिकमध्ये राहण्याचे दिवसाला जास्तीत जास्त १० युरो आपण भरायचे. म्हणजे हे कुणाचं दान नाही. आणि आजाराचं नाव पेन्शन विमा आपल्या ऑफिसला कळवत नाही, हेही सांगून ठेवते, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

क्लिनिकमधल्या पाच आठवड्यांबद्दल मी फार लिहीत नाही. रोज सकाळी आपल्या खणात दिवसाचं वेळापत्रक ठेवलेलं असायचं. गटात बोलणं, एकटीने डॉक्टरांशी बोलणं, जंगलातून काठ्या घेऊन चालणं, श्वासाचे व्यायाम. एका खोलीत मऊ दगड कानशीने घासून आकार द्यायचा असे. चौथ्या आठवड्यात एका दुपारी तो दगड घासता घासता लक्षात आलं की तासभर झाला आणि छातीत धडधडलेलं नाही. तो हिरवट दगड अजून माझ्या टेबलावर आहे. त्याचा आकार कशासारखाच नाही.

मग निघायचा दिवस आला. पत्र या दिवसाबद्दल आहे, आणि त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल.

मी बुधवारी घरी आले. दारात पोस्टाचा ढीग, सिंकमध्ये भांडी, मुलाच्या शाळेची चिठ्ठी, नवऱ्याचा थकलेला चेहरा. पाच आठवडे त्याने एकट्याने सगळं ओढलं होतं आणि आता त्याला साहजिकच वाटत होतं की ही बरी होऊन आली. गुरुवारी सकाळी पोटात पुन्हा गोळा. क्लिनिकमध्ये शिकलेलं सगळं तिथल्या जंगलात, तिथल्या शांततेत शिकलेलं असतं. घरात, ऑफिसात, सासरच्या फोनवर ते वापरायचं कसं, हे घरी आल्याशिवाय कळतच नाही. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतं. म्हणून पेन्शन विमा क्लिनिकनंतरच्या काळासाठी वेगळी सोय देतो. तिला इथे नाखझोर्गे म्हणतात, म्हणजे मागाहून घेतलेली काळजी. मनोकायिक आजारासाठी जी आहे तिचं नाव प्सी-रेना. या पद्धतीचा पाया हानोफरला घातला गेला. आज देशभर ठिकठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ ती चालवतात. कायद्यात तिला सामाजिक कायदा संहितेच्या सहाव्या ग्रंथातल्या १७ व्या कलमाचा आधार आहे.

तिचं स्वरूप असं: सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा तज्ज्ञांशी एकट्याने बोलायचं. मधे २५ बैठका, प्रत्येक ९० मिनिटांची, आठवड्यातून एकदा, लहानशा गटात. बहुतेक गट संध्याकाळी असतात, कारण लोक तोवर कामावर परतलेले असतात. मीही तेव्हा आधी चार तास, मग सहा तास अशी पायरी-पायरीने नोकरीत परतत होते. या बैठकांसाठी आपल्या खिशातून काही भरावं लागत नाही. पण दोन अटी फार महत्त्वाच्या आहेत. क्लिनिकमधून निघण्याआधी डॉक्टरांकडून शिफारस लिहून घ्यायची. आणि निघाल्यापासून तीन महिन्यांत सुरुवात करायची, बारा महिन्यांत संपवायचं. शिफारशीच्या कागदावर खूण करायची राहिली, की नंतर घरून धावाधाव करण्यात आठवडे जातात.

माझ्याकडे कागद होता. तरी जागा मिळेना. क्लिनिकने दिलेल्या यादीतल्या पहिल्या ठिकाणी फोन फक्त मंगळवारी सकाळी आठ ते साडेआठ घेत. दुसरीकडे गट भरलेला. तिसरीकडे यंत्रावर तीनदा निरोप ठेवला, एकदाही उलट फोन आला नाही. जर्मनमध्ये निरोप ठेवायचा तर मी आधी तो कागदावर लिहून काढायचे, आणि यंत्राचा आवाज आला की कागदावरचंही वाचता यायचं नाही. नवव्या आठवड्यात चौथ्या ठिकाणी जागा मिळाली. तीन महिन्यांची मुदत संपायला जेमतेम चार आठवडे उरले होते. ज्या माणसाला बिछान्यातून उठायला तासभर लागतो, त्याने हे एकट्याने करावं अशी अपेक्षा आहे. याबद्दल पेन्शन विम्यालाही वेगळं लिहिलं पाहिजे आणि मी लिहिणार आहे. हे पत्र मात्र तुम्हाला आहे.

जागा मिळाली ती मंगळवारची, संध्याकाळी सहा ते साडेसात. जाऊन-येऊन तीन तास. नवऱ्याला महिन्यातले दोन आठवडे कामासाठी बाहेरगावी जावं लागायचं. मुलगा दहा वर्षांचा. आई साताऱ्यात, सासूबाई पुण्यात. तिसऱ्याच मंगळवारी मी फोन करून सांगणार होते की मला जमणार नाही. वाटलं, क्लिनिक झालं ना, बास झालं, लोकांना तेवढंही मिळत नाही.

ते झालं नाही, कारण आमच्याच मंडळातल्या एक काकू. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी दुकानात भाजी घेताना मला पाहिलं आणि "कशी आहेस?" असं विचारून, मी "मजेत" म्हटल्यावरही तिथेच उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मंगळवारी काही असतं का गं तुझं? परवा बसस्टॉपवर रडत होतीस." मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून, त्या काउंटरपाशी, सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकही सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "पोराला शाळेतून परस्पर माझ्याकडे पाठव. जेवूनच येईल." पुढचे बावीस मंगळवार माझा मुलगा त्यांच्याकडे वरण-भात जेवला आणि त्यांच्या नातीबरोबर पत्ते कुटत बसला. मी माझ्या २५ बैठका पूर्ण केल्या. मधे उन्हाळ्याची सुट्टी, एकदा मला ताप आला, एकदा गट घेणाऱ्या डॉक्टरबाई रजेवर होत्या. डिसेंबरात शेवटची बैठक झाली.

त्या बैठकांमध्ये काय होतं, हे मला बरेच जण विचारतात. इतरांचं मी सांगू शकत नाही. तिथे ठरलेलं असतं, तिथलं तिथेच राहील. माझ्यापुरतं सांगते. सुरुवातीला प्रत्येकाने आज कसं वाटतंय ते दोन वाक्यांत सांगायचं. पहिल्या दिवशी माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आलेस गूट." सगळं छान. आपलं "मजेत", फक्त जर्मनमध्ये. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढच्याकडे वळल्या. चौथ्या बैठकीत त्यांनी विचारलं, "आणि छान नसतं तेव्हा तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी खूप वेळ विचार करून म्हटलं, "घालमेल." जर्मनमध्ये नेमका शब्द सापडेना, म्हणून हाताने पोटाजवळ ढवळून दाखवलं. समोरच्या एका गृहस्थांनी लगेच मान डोलावली. त्यानंतर आमच्या गटात कुणाला तसं झालं की ते हाताने ढवळून दाखवायचे. माझ्या आईच्या तोंडचा शब्द तिथे आठ परक्या माणसांना कळत होता, आणि मंडळाच्या सभागृहात, जिथे तो उच्चारला तर शंभर जणांना कळेल, तिथे मी तीन वर्षं "मजेत" म्हणत राहिले.

आपल्या भाषेला मन आणि शरीर वेगळं करायची सवयच नाही. हातपाय गळतात, काळजात चर्र होतं, पोटात कालवतं, जीव घुसमटतो. हे सगळं आपण रोज बोलतो. तरी त्यासाठी कुणी डॉक्टरकडे गेलं की आवाज खाली जातो.

मागच्या वर्षी एका तरुणाचा मला रात्री अकराला फोन आला. कुणीतरी काकूंकडून माझा नंबर घेतला होता. तो क्लिनिकमधून सहा आठवडे राहून आला होता, तिथे छान वाटलं होतं. नाखझोर्गे हवं का असं विचारल्यावर तो नको म्हणाला. का, तर गट जर्मनमध्ये असणार, आणि पुन्हा दर आठवड्याला लवकर निघायचं म्हणजे टीममध्ये काय सांगणार. पाच महिन्यांत तो पुन्हा आजारपणाच्या रजेवर होता. एकटा राहतो. मानसोपचाराची वाट बघणं सुरू झालं, आणि ती वाट या देशात पहिल्या भेटीनंतरही सरासरी पाच महिन्यांच्या आसपास असते. त्याने मला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मला क्लिनिकमधल्या एका परिचारिकेने हाताला धरून तो कागद भरून घ्यायला लावला होता. त्याला तशी कुणी भेटली नाही, एवढाच फरक.

आता मागणं.

आपण मंडळात काय काय करतो ते बघा. गणपतीच्या नाटकासाठी तीन महिने तालमी होतात. कुणाची शिफ्ट कधी, कुणाचं बाळ किती महिन्यांचं, कुणाला कोण गाडीतून सोडेल, हे सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुळतं. तालमीच्या दिवशी पाच मुलं एका घरी, भात एकीने लावायचा, आमटी दुसरीने आणायची. पंचवीस तालमी आपण दर वर्षी पार पाडतो. म्हणजे पंचवीस संध्याकाळी कशा उभ्या करायच्या हे आपल्याला येतं. जे येतं तेच मी मागते आहे: मंडळातल्या कुणाला दर आठवड्याला दोन-तीन तास हवे असतील, तर कारण न विचारता त्याचं मूल सांभाळा, त्याला पोचवा, आणा. मंडळात दोन माणसं अशी ठरवा ज्यांना थेट फोन करता येईल आणि जी ते पोटात ठेवतील. त्यांची नावं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी जिथे टाकता तिथेच टाका. "तब्येतीसाठी मदत" एवढंच लिहा, लोकांना कळेल.

जर्मन चांगलं असलेल्या कुणाला तरी यात घ्या, फोन करायला आणि अर्ज भरायला. मनाचं बोलायला नव्हे, ते त्या माणसाचं त्यानेच बोलायचं. पण यंत्रावर निरोप ठेवायला शेजारी कुणी बसलं तरी किती फरक पडतो, हे मी लिहून सांगू शकत नाही. भाषेची अडचण खरी आहे. डॉक्टरांकडे दुभाषा मिळावा आणि त्याचा खर्च आरोग्य विम्याने करावा, असं २०२१ च्या सरकारने आघाडीच्या करारात लिहिलं होतं. ते सरकार गेलं, कायदा झाला नाही. तोवर आपणच आहोत. ज्यांना गटात जाणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी फोन किंवा व्हिडिओवरून करायचे काही मान्यताप्राप्त पर्यायही आता आहेत. क्लिनिकमध्ये असतानाच त्याबद्दल विचारायचं.

एक गोष्ट मात्र करू नका. "सकारात्मक विचार" शिकवणारा कुणी वक्ता बोलावून, समया लावून, एका रविवारी हा विषय उरकू नका. आम्ही सकारात्मक विचार करून करूनच आजारी पडलो होतो.

आणि ज्यांना ही सोय लागूच होत नाही त्यांना विसरू नका. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार भारतातल्या कंपनीने काही काळासाठी इथे पाठवलेल्या आणि भविष्यनिर्वाह निधी तिकडेच भरणाऱ्या लोकांची वर्गणी इथल्या पेन्शन विम्यात जात नाही, त्यामुळे त्यांचा या पुनर्वसनावर असा हक्क नसतो. नवऱ्याबरोबर आलेल्या, नोकरी नसलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींनाही क्रांकेनकासेच्या वाटेने जावं लागतं. ती वाट अधिक अरुंद आहे. या बायका दिवसभर घरात एकट्या असतात, इथे कुणाला ओळखत नाहीत, आणि मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त स्वयंपाक त्याच करतात. त्यांच्यापैकी कुणी डोकं दुखतंय असं तिसऱ्यांदा म्हणाली, तर तिला बाजूला घेऊन बसा. ११६ ११७ या नंबरवर फोन करून मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट मिळते, हे तिला सांगा आणि तो फोन तिच्याबरोबर बसून करा.

आमच्या काकू आता मुलीकडे हाम्बुर्गला राहायला गेल्या आहेत. माझा मुलगा तेरा वर्षांचा झाला आहे, त्याला आता सांभाळावं लागत नाही. मी नोकरी करते, तीस तास. धडधड अधूनमधून होते, तेव्हा काय करायचं ते मला माहीत आहे. मंगळवारची संध्याकाळ मी कशालाच दिलेली नाही, ती तशीच मोकळी ठेवली आहे. कुणाला बैठकीला जायचं असेल आणि घरी लहान मूल असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. वरण-भात असतो, लिंबू असतं, पत्त्यांचा कॅट आहे. बैठक मंगळवारी नसेल, तर कधी आहे ते कळवा. माझा नंबर मंडळाच्या सचिवांकडे दिला आहे.

आपली,
स्टुटगार्टजवळ राहणारी एक सभासद